दिव्यांगत्वाच्या अपिलात फोटो पुरावा म्हणून कसे द्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर तालुक्यातील एका गृहस्थांचे धाकटे भाऊ केळीच्या गाड्या भरण्याच्या कामावर होते. मागच्या पावसाळ्यात घड घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय घसरून ते खाली पडले आणि डाव्या गुडघ्याजवळ हाड मोडले. ऑपरेशन होऊन हाड जुळले, पण गुडघा पुरता वाकत नाही. वैद्यकीय मंडळाने ३२ टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दिले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी दिव्यांग अर्जदाराला किमान ४० टक्के लागतात, त्यामुळे तहसीलमध्ये अर्ज नामंजूर झाला. ते विचारतात, "ताई, माझ्या मोबाईलमध्ये दवाखान्यात नेल्यापासून आजपर्यंतचे साठ-सत्तर फोटो आहेत. अपिलात ते चालतील का, आणि किती लावू?"

फोटो चालतात. मात्र साठ-सत्तर लावू नका, आठ-दहा पुरेत, आणि दवाखान्यातले बहुतेक फोटो त्या आठ-दहांत येणार नाहीत. अमळनेरला वकिली करताना गेल्या एकोणीस वर्षांत अशी अनेक अपिले मी लिहिली आहेत. फोटो लावूनही अपील फसते तेव्हा बहुतेक वेळा एकच कारण सापडते. ज्या प्रश्नावर निर्णय व्हायचा असतो त्या प्रश्नाला फोटो उत्तर देत नाहीत, ते फक्त माणूस किती सोसतो आहे हे सांगतात. सोसणे खरे असते, मलाही ते पाहवत नाही, पण टक्केवारीच्या तक्त्यात सोसण्यासाठी रकाना नाही.

प्रथम अपील कशाविरुद्ध करायचे ते नक्की करा. तहसीलदारांनी अर्ज नाकारला म्हणून लोक फोटोंचा गठ्ठा घेऊन तहसीलच्या खिडकीवर जातात आणि निराश होऊन परततात. तिथल्या कोणालाही प्रमाणपत्रावरची टक्केवारी बदलण्याचा अधिकार नाही. टक्केवारी मान्य नसेल तर अपील प्रमाणपत्राविरुद्ध करावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ खाली प्रमाणपत्र दिले जाते आणि कलम ५९ खाली त्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. प्राधिकारी कोण आणि मुदत किती, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा व त्या अर्जावर आवक क्रमांक घ्या. तोंडी उत्तरावर विसंबून मुदत घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या, तो मूल्यांकनाच्या तक्त्याच्या प्रतीसाठी. प्रमाणपत्रावर फक्त शेवटचा आकडा असतो. तो कसा आला हे तपासणीच्या कागदावर असते. साध्या अर्जाने प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागा, त्यात ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र अपिलाची मुदत त्या प्रतीसाठी थांबत नाही. प्रत यायला उशीर होत असेल तर अपील आधी दाखल करा आणि "तक्त्याची प्रत मिळताच पूरक म्हणणे सादर करू" असे त्यातच लिहा. हा तक्ता हाती येईपर्यंत नवा फोटो काढू नका आणि जुना निवडू नका, असे मी सर्वांना सांगते.

याचे कारण समजून घ्या. पायाचे दिव्यांगत्व मोजण्याची पद्धत केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत ठरवून दिली आहे. ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग हालचालीचा, म्हणजे सांधे किती वळतात आणि स्नायूंत ताकद किती आहे याचा. त्यात मांडीचा सांधा, गुडघा आणि घोटा-पाऊल यांचा वाटा प्रत्येकी ३० टक्के धरतात. दुसरा भाग स्थिरतेचा. त्यात नऊ क्रिया करून पाहायच्या असतात: सपाट जागी चालणे, उतारावर चालणे, जिने चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, दुखऱ्या पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. प्रत्येक क्रियेला १० टक्के. पुढे दोन भागांची सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवतात, ९० मधून तो वजा करून उरलेल्याला लहान आकड्याने गुणतात, ९० ने भागतात आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या आहेत, तेव्हा तुमच्या भावाच्या तपासणीच्या तारखेला ज्या लागू होत्या त्यांची प्रत काढून तक्त्याशेजारी ठेवा.

आता समजुतीपुरते आकडे घेऊ. समजा गुडघ्याची निम्मी हालचाल गेली आहे आणि ताकद चांगली आहे, तर हालचालीच्या भागात १५ टक्के आले. स्थिरतेत मंडळाने उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे या दोनच क्रिया जमत नाहीत असे धरले, म्हणजे २० टक्के. सूत्राने हिशेब केला तर ३१.६७ येतात, म्हणजेच ३२. आता स्थिरतेत आणखी एकच क्रिया जमत नाही असे ठरले, तर २० चे ३० होतात आणि एकूण बरोबर ४० येतात. तुमच्या भावाचा तक्ता मी पाहिलेला नाही, त्यात वेगळे आकडे असू शकतील. पण ३२ आणि ४० यांच्यात एखाद्या ओळीचेच अंतर असू शकते, हे ध्यानात घ्या. तुमचे फोटो त्या ओळीसाठी हवेत.

ती ओळ कोणती, हे तपासणीच्या खोलीचा विचार केला की पुष्कळदा उमगते. तिथे गुळगुळीत फरशी असते, उतार नसतो. शिबिराच्या दिवशी डॉक्टरांपुढे भली मोठी रांग असते. सपाट जागी चार पावले नीट टाकली की उतारावरही चालत असेल असे गृहीत धरले जाते, आणि "मांडी घालता येते का?" या प्रश्नाला आपला माणूस भिडस्तपणाने "घालतो कशीबशी" असे म्हणतो, म्हणजे "येते" अशी नोंद होते. मी डॉक्टरांना दोष देत नाही. जे त्या खोलीत दिसू शकले नाही ते दाखवणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी फोटोसारखे साधन नाही.

तर उतारावर चालण्याचा पुरावा असा करा. शेताकडे जाताना नाल्यात उतरणारी गाडवाट असेल किंवा पाटाची भर असेल, तिथे भाऊ रोज जसे उतरतात तसेच त्यांना उतरू द्या. कॅमेरा समोरून न धरता बाजूने, आठ-दहा फुटांवरून, त्यांच्या कमरेच्या उंचीवर धरा, म्हणजे उतार किती आहे आणि गुडघा किती वाकतो आहे हे एकाच चौकटीत येईल. डोके ते पाऊल पूर्ण दिसू द्या. ते आडवे होऊन एकेक पाऊल टाकत असतील, झुडपाला धरत असतील, तर तो हातही चौकटीत हवा. याच ठिकाणी अर्ध्या-पाऊण मिनिटाचा व्हिडिओ मात्र जरूर घ्या. उतरणे ही क्रिया आहे आणि स्थिर फोटोत ती अर्धीच पकडता येते. "हळू चाल, लंगड" अशी सूचना मागून देऊ नका. ती आवाजात रेकॉर्ड होते, आणि अपील तिथेच संपते.

मांडी आणि उकिडवे बसणे यांसाठी भिंतीसमोर सतरंजी टाका, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, त्यांना जेवढे बसता येते तेवढे बसू द्या आणि जिथे थांबावे लागते तिथे फोटो घ्या. उजवा पाय मांडी घातलेला आणि डावा पुढे ताठ पसरलेला, असा एक फोटो दहा वाक्यांचे काम करतो. चड्डी गुडघ्याच्या वर सरकवून दोन्ही पाय एकाच चौकटीत घ्या, कारण डाव्या मांडीचे वाळलेपण उजव्या मांडीशेजारीच कळते. गुडघ्याच्या वाटीपासून वर ठरावीक अंतरावर, समजा १५ सेंटिमीटरवर, दोन्ही मांड्यांवर पेनाने खूण करून तिथे शिंप्याची टेप गुंडाळलेली दाखवली तर मापही फोटोतच येते. या संचात निदान एका फोटोत चेहरा आणि तो पाय दोन्ही दिसले पाहिजेत, नाहीतर "हा पाय कोणाचा?" हा प्रश्न उरतो.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. शरीराइतकेच घरातल्या वस्तूंचे फोटो घ्या. ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याच्या घरी शौचालयात मधोमध कापलेली प्लास्टिकची खुर्ची असते. ज्याला उठता येत नाही त्याच्या खाटेजवळ छताच्या सरीला दोर बांधलेला असतो, आणि हाताचा घाम लागून त्या दोराचा धरायचा भाग काळा पडलेला असतो. अंघोळीच्या दगडावर फरशीचे तुकडे रचून उंची केलेली असते. माणूस अपिलासाठी आठ दिवसांत नाटक करू शकेल, पण वर्षभर वापरून झिजलेली वस्तू आठ दिवसांत तयार होत नाही. शिवाय रिकाम्या खुर्चीच्या फोटोत कोणाची अब्रू उघडी पडत नाही. विशेषतः बायकांच्या प्रकरणांत मी शरीराचे फोटो शक्य तितके टाळते, आणि घ्यावेच लागले तर ते घरातल्या बाईनेच काढावेत, बाईंची संमती आधी घ्यावी आणि ते बंद पाकिटात द्यावेत, असा आग्रह धरते.

चोपडा तालुक्यातील कापूस वेचणाऱ्या एका मावशींचे प्रकरण मला कायम आठवते. पायाची नस दबून त्यांचे उजवे पाऊल वर उचलले जात नव्हते. तपासणीत सपाट फरशीवर त्या नीट चालल्या होत्या, कारण घाबरून गुडघा उंच उचलून पावले टाकली होती. माझ्याकडे आल्या तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "मन्हा पाय घसडत चालस," आणि मी सहज त्यांच्या चपला उलट्या करून पाहिल्या. डाव्या चपलेचा तळ सगळीकडे सारखा झिजला होता. उजवीचे टोक मात्र पार खरवडून आतला फोम दिसत होता आणि टाच जवळजवळ नवी होती. त्या दोन चपला शेजारी शेजारी ठेवून, वर मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो आम्ही पहिल्या क्रमांकावर लावला. अपिलात फेरतपासणीचा आदेश झाला आणि या वेळी डॉक्टरांनी त्यांना आवारातल्या मुरमावर चालवून पाहिले. तुमच्या भावाच्या चपला आणि काठी वापरत असतील तर काठीच्या तळाचे रबर पाहा. दोन्ही बदलली असतील तर जुनी फेकू नका.

दवाखान्यातले फोटो मी एका वाक्यात संपवते: रक्ताचे, टाक्यांचे, प्लास्टरचे फोटो अपघात झाला हे सांगतात, ते कोणी नाकारलेलेच नाही, म्हणून एखादा पुरे. एक्स-रेचा मोबाईलवर काढलेला फोटो तर लावूच नका, मूळ फिल्म किंवा सीडी द्या, कारण फोटोतल्या एक्स-रेवर डॉक्टरांना माप घेता येत नाही.

फोटो उलटतातही. मी नवीन असताना एका अपिलात सहा फोटो लावले होते. तीन फोटोंत काठी उजव्या हातात होती आणि तीन फोटोंत डाव्या. ज्यांनी फोटो काढले त्यांनी एकाच दुपारी, एकाच शर्टवर सगळे काढले होते आणि काठी शेजाऱ्यांकडून आणली होती. पाय खरोखरच अधू होता, पण समोरच्या अधिकाऱ्यांनी काठीवर बोट ठेवले आणि नंतर खऱ्या कागदांवरही त्यांचा विश्वास बसला नाही. ती चूक माझी होती, मी फोटो नीट पाहिले नव्हते. तेव्हापासून जी वस्तू रोज वापरात नाही ती मी फोटोत येऊ देत नाही.

चांगल्या दिवसांचेही तसेच. भावाचा लग्नाच्या पंगतीत उभा असलेला, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसलेला फोटो व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर फिरत असेल. तो पुसू नका. अपिलात स्वतःहून लिहा की दहा मिनिटे उभे राहता येते, त्यानंतर टेकावे लागते, आणि त्या दिवशीही तसेच झाले. "कधीच जमत नाही" असे लिहिलेल्या माणसाला एक हसरा फोटो खोटे पाडतो. "एवढे जमते, याच्यापुढे जमत नाही" असे लिहिलेल्या माणसाला तोच फोटो दुजोरा देतो.

फोटो मूळ मोबाईलमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि त्याच्या आत साठवलेली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मला किंवा स्टुडिओत पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कापाकापी, फिल्टर, वर लाल बाण, काही नको. मोबाईल बदलायचा झाला तरी जुना जपून ठेवा.

छापील प्रती स्टुडिओतून फोटो पेपरवर तीन संचांत काढा, पांढऱ्या कागदावर एका पानावर एकच फोटो चिकटवा आणि खाली मजकूर लिहा. नुसते "भाऊ चालताना" असे लिहू नका. मी असे लिहिते: "छायाचित्र क्र. ३. घरापासून शेताकडे जाणाऱ्या वाटेवरील नाल्याचा उतार. सकाळी आठ वाजता, अर्जदाराच्या थोरल्या भावाने स्वतःच्या मोबाईलवर काढलेले. अर्जदार उजवा पाय आधी खाली टाकून, डाव्या हाताने बांधावरील बाभळीला धरून उतरत आहेत. मूल्यांकन तक्त्यातील 'उतारावर चालणे' या नोंदीसंदर्भात." प्रत्येक फोटोखाली तारीख हवी आणि तक्त्यातली ओळ हवी. ज्या फोटोखाली ओळ लिहिता येत नाही तो फोटो संचातून काढून टाका. सोबत फोटो काढणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडा: मी हे फोटो या दिवशी, या ठिकाणी, या मोबाईलवर काढले, त्यांत बदल केलेला नाही. फोटो तुम्हीच काढणार असाल तर ते तुमचे असेल.

वैद्यकीय अपिलात पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम सहसा आडवे येत नाहीत. पण निर्णय विरुद्ध गेला आणि पुढे उच्च न्यायालयात, आपल्या भागासाठी औरंगाबाद खंडपीठात, जाण्याची वेळ आली किंवा हेच फोटो दुसऱ्या दाव्यात वापरायचे झाले, तर ते नियम येतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधल्या फोटोच्या छापील प्रतीसोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. आधीच्या कायद्यातील अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, २०२० मध्ये, हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे सांगितले, आणि मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्ष देऊन हजर केले तर ते लागत नाही असेही स्पष्ट केले. जुना मोबाईल जपा असे मी म्हणते ते यासाठी.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाऊ कोणाच्या तरी मजुरीवर असताना, काम करता करता पडले आहेत. त्यासाठी भरपाईचा वेगळा दावा होऊ शकतो (आधी तो कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ खाली होत असे, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे), आणि तो साधारणपणे अपघातापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो. तिथे प्रश्न टक्क्यांपुरता नसतो, कमाईची क्षमता किती गेली हा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच, डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली असे मानले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. घड घेऊन फळी चढणाऱ्या माणसाला गुडघा किती लागतो हे त्याच दृष्टीने मांडता येईल. त्या दाव्यासाठी ट्रक, फळी आणि भरणीची जागा यांचे फोटो आत्ताच घेऊन ठेवा. हंगाम संपला की जागा ओळखू येत नाही.

अपिलात फेरतपासणीला बोलावतील त्या दिवशी रोजच्याच चपला, रोजचीच काठी, आणि सैल चड्डी किंवा लुंगी. फोटोंचा संच तपासणीआधी डॉक्टरांच्या हातात कोंबू नका. ते उताराच्या ओळीशी येतील तेव्हा "साहेब, तिसरा फोटो या ओळीचा आहे, आवारात उतार असेल तर आत्ताही चालून दाखवतील" एवढेच म्हणा. बाहेर पडण्याआधी संचाच्या तुमच्याकडील प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या, आणि छायाचित्र क्र. १ ते ९ पाहिल्याची नोंद तपासणीच्या कागदावर करावी, असा दोन ओळींचा विनंती अर्ज त्याच टेबलावर द्या.